रोबोट, वेठ आणि अर्भक

एकांनी विचारलंय: "परवा पोरांबरोबर टीव्हीवर 'आय, रोबॉट' बघितला. नुसती हाणामारी असेल म्हणून बसलो होतो, पण पिक्चर डोक्यात राहिला. मुलगी विचारत होती की रोबोटला मराठीत काय म्हणायचं? रोबो, रोबोट की यंत्रमानव? आणि 'तो' म्हणायचं की 'ते'?"

आधी रोबो. कृपा करून रोबो म्हणू नका, हल्ली बातम्यांमधेपण सगळीकडे रोबो-रोबो चाललेलं असतं आणि दर वेळी कानाला खटकतं. फ्रेंच लोक शेवटचा ट गिळतात कारण त्यांच्या भाषेची ती रीतच आहे, आपली नाही. आणि या शब्दात तो ट फार महत्त्वाचा आहे, कारण मूळ चेक शब्द आहे 'रोबोता'. त्याचा यंत्राशी काडीचा संबंध नाही. रोबोता म्हणजे वेठ, जमीनदाराच्या शेतावर कुळाने आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबायचं ती. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेझाने 1775 साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशातल्या भागात, ही वेठ आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली, आणि त्या फर्मानाचं नाव काय, तर 'रोबोट पेटंट'! म्हणजे पहिला रोबोट कागदावर यायच्या 145 वर्षं आधी रोबोटचा कायदा होता. 1848 मधे ती वेठ कायमची बंद झाली.

आता इथे वेठीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. "संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले" हे वाक्य दर संपाला वाचायला मिळतं. अहो, वेठीस धरणं म्हणजे माणसाला पकडून फुकट कामाला जुंपणं. प्रवाशांना कुणी कामाला लावलंय का? तिथे फार तर ओलीस धरलं म्हणा. वेठ हा संस्कृत 'विष्टि'पासून आलेला जुना शब्द आहे आणि त्याच्या जोडीचा बिगार फारसीतला. आपल्या राज्यघटनेच्या 23व्या कलमात, इंग्रजी मसुद्यातसुद्धा, 'बेगार' हा शब्द जसाच्या तसा ठेवलाय. असा शब्द रेल्वे उशिरा आली म्हणून वापरायचा?

तर रोबोट. चेक लेखक कारेल चापेकने 1920 साली 'आर. यू. आर.' नाटक लिहिलं, त्यात कारखान्यात माणसं बनवतात. त्यांना काय म्हणावं ते त्याला सुचेना. भाऊ जोसेफ चित्रकार, तो ईझलसमोर उभा राहून रंगवत होता. कारेल म्हणाला, लॅटिन 'लाबोर'वरून 'लाबोरी' म्हणणार होतो पण फार पुस्तकी वाटतं. जोसेफ तोंडात ब्रश धरूनच पुटपुटला, मग रोबोट म्हण, आणि पुढे रंगवत राहिला. ही हकिकत खुद्द कारेलनेच 1933 मधे छापून सांगितलीय. तरी आजही लोक शब्दाचं श्रेय कारेललाच देऊन मोकळे होतात.

आणि त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नाहीतच. रसायनातून बनवलेल्या सजीव मांसाचे आहेत. यकृतं आणि मेंदू घुसळायची मोठी भांडी, शिरा विणायची गिरणी, असा तो कारखाना आहे. म्हणजे 'यंत्रमानव' हा आपला शब्द मूळ रोबोटला लागूच पडत नाही. नंतरच्या लोखंडी रोबोटांना चालतो, वाईट शब्द नाही, पण तो दिसण्यावरून केलाय. 'रोबोट' हा शब्द त्याला काय करावं लागतं त्यावरून आलाय.

माझा खरा आवडता भाग आता येतो. बरेच जण छातीठोकपणे सांगतात की रोबोट आणि आपलं 'राबणे' एकच. ऐकायला गोड आहे, अर्थही जुळतो, पण चूक आहे आणि का चूक आहे ते बघायला मजा येते. स्लाव्ह, म्हणजे चेक-रशियनच्या कुळातल्या, भाषांमधे मूळ 'ओर्ब'ची अक्षरं उलटून 'रोब', 'राब' झालं, आपण नुकसानचं नुसकान करतो आणि चिकटलंचं चिटकलं, तसंच. हा विपर्यय त्यांच्या घरात झाला, आपल्या नाही. दुसरं म्हणजे त्यांच्याकडे जुना भ सगळीकडे ब झालाय. आपला भ्राता तो चेकमधे ब्राट्र, आपलं नभ ते त्यांचं नेबे. मग रोबोटचा संस्कृतातला भाऊ कसा दिसायला हवा? अ आधी, मग र आणि मागून भ. राब नाही, अर्भ!

अर्भ, म्हणजे अर्भक. रोबोटचा सख्खा नातेवाईक अर्भक आहे. ग्रीकमधे त्याच मुळातून 'ऑर्फनोस' आला, ज्याच्यावरून इंग्रजीतला ऑर्फन. मूळ अर्थ बिनआईबापाचं पोर. असं पोर दुसऱ्याच्या दारी काय करणार, पडेल ते काम. त्यातून स्लाव्ह भाषांत अर्थ गुलाम झाला, मग गुलामाचं काम. आपल्याकडे नुसतं लहान बाळ उरलं, पण मी मुद्दाम लक्ष ठेवून बघतो, पेपरमधे अर्भक शब्द कुठे येतो? बहुतेक वेळा "कचराकुंडीत अर्भक सापडले" याच बातमीत. घरातल्या पाळण्यातल्या बाळाला कुणी अर्भक म्हणत नाही. माझं ठाम मत आहे की तो जुना पोरकेपणा मराठीने आतल्या आत धरून ठेवलाय. शब्दकोशवाले याला योगायोग म्हणतील, म्हणू देत.

जर्मन 'आर्बाइट', म्हणजे काम, तोही याच कुळातला. दाखाऊ आणि साक्सेनहाउसेनच्या छळछावण्यांच्या फाटकांवर "आर्बाइट माख्ट फ्राय", काम तुम्हाला मुक्त करतं, असं लोखंडी अक्षरांत होतं. जोसेफ चापेकला 1939 मधे नाझींनी पकडलं, या दोन्ही छावण्यांत त्याला ठेवलं होतं, आणि 1945 मधे तो बेर्गन-बेल्सनच्या छावणीत मेला. जगाला रोबोट शब्द देणारा माणूस त्या शब्दाच्या भावंडाखालून आत गेला. हे कळल्यापासून मला रोबोट शब्द हलकेपणाने वापरताच येत नाही.

आता तुमचा पिक्चर. 2004 चा. अ‍ॅसिमॉव्हच्या याच नावाच्या पुस्तकातल्या गोष्टींशी तो प्रामाणिक नाही अशी तक्रार करणारे बरेच आहेत, श्रेयनामावलीतच नुसतं 'सुचलेला' म्हटलंय, आणि पाठलाग-गोळीबार भरपूर आहे, हे सगळं खरं. पण सनी नावाच्या रोबोटची चौकशी होते तो सीन परत बघा. पोलीस डोळा मारून आत येतो आणि हा मारेकरी समजून पकडलेला रोबोट पहिल्यांदा काय विचारतो, तर डोळा मारण्याचा अर्थ काय. मग म्हणतो, माझ्या वडिलांनी मला भावना शिकवायचा प्रयत्न केला, अवघड असतात. पोलीस लगेच सुधारतो, वडील नाही, तुला बनवणारा. म्हणजे भांडण शब्दावरूनच चाललंय! त्याचे वडील नुकतेच मेलेत, नाव सनी, म्हणजे आपल्या भाषेत बाळ्या, आणि भोवती त्याच्यासारखे हजारो हुकुमाचे ताबेदार. एकीकडे अर्भक, एकीकडे वेठ. लिहिणाऱ्यांना ही व्युत्पत्ती माहीत होती की नव्हती, मला फरक पडत नाही, शब्दात होतं ते पडद्यावर आलं.

'तो' की 'ते' राहिलंच. मराठीत रोबोट पुल्लिंगी, तो रोबोट. चेकमधे तर माणसासारख्या रोबोटांचं अनेकवचन सजीवासारखं करतात, आणि मिक्सरसारख्या स्वयंपाकघरातल्या मशीनला, ज्याला ते लोक रोबोटच म्हणतात, निर्जीवाचं अनेकवचनही चालतं. पिक्चरमधे पोलीस एकदा बोलण्याच्या ओघात सनीला 'काहीतरी'ऐवजी 'कोणीतरी' म्हणून जातो आणि सनी तेवढ्यासाठी त्याचे आभार मानतो. मुलीला तेवढा सीन लावून द्या, तिचं तिला कळेल.