ईएफ 60% नॉर्मल, तरी पणजीत आल्तिनोचा चढ चढताना बाबांना धाप का लागते?

ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा. त्यावरून हृदय किती रिकामं होतं एवढंच कळतं. ते नीट भरतंय का, हा प्रश्न वेगळा, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत तोच आधी विचारायला हवा.

मिनिटाला 75 ठोके असतील तर एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळतात. त्यातले साधारण 0.5 भरण्याचे. डावी जवनिका (हृदयाचा खालचा, रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) सैल पडली की आतला दाब उतरतो, तिच्या तोंडाची मायट्रल झडप उघडते आणि कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) साठलेलं रक्त आपसूक खाली येतं. 70 ते 80 टक्के भरणं असंच होतं. उरलेलं कर्णिका शेवटी आकुंचन पावून ढकलते. आता आत सुमारे 120 मिली. जवनिका आवळू लागताच मायट्रल मिटते, क्षणभर सगळ्या झडपा बंद, आणि दाब महाधमनीतल्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतल्या) 80 मिमी पाऱ्याच्या वर गेला की 70 मिली बाहेर. म्हणजे ईएफ 58%.

वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असेल तर जवनिकेची भिंत जाड, ताठ होते. चढावर ठोके 120 झाले की भरायला जेमतेम निम्मा वेळ उरतो. ताठ जवनिका तेवढ्यात भरत नाही, रक्त मागे फुप्फुसांकडे तुंबतं, धाप लागते.

इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टमध्ये 'डायस्टोलिक डिसफंक्शन'ची, म्हणजे भरण्यातल्या बिघाडाची ग्रेड आणि डाव्या कर्णिकेचा आकार बघा. हिमोग्लोबिनही तपासा, ते कमी असलं तरी धाप लागते. आडवं झाल्यावर गुदमरत असेल किंवा पाय सुजले असतील तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. बसल्या जागी धाप लागली तर थेट 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.