रेडिएशन चालू असताना वडिलांना कलौंजीचं तेल द्यावं का?

वडिलांच्या घशाला पुढच्या आठवड्यात रेडिएशन सुरू होतंय आणि कलौंजीचं तेल किरणांपासून वाचवतं असं तुमच्या वाचनात आलंय. द्यावं का, असं विचारलंत. माझं म्हणणं, तेवढे आठवडे देऊ नका.

मी फोंड्याला रसायनशास्त्र शिकवते. वाचलंत ते खोटं नाही, म्हणून नीट सांगते. पावसाळ्यात डब्याच्या तळाचं खोबरं खवट होतं ना, तसंच काहीसं शरीरात घडतं. किरण पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे भेटेल त्याच्यावर तुटून पडणारे रेणूंचे तुकडे, सुटतात. ते पेशीच्या आवरणातल्या स्निग्धाला धरतात, आणि ऑक्सिजन मिळाला की एकाचं बघून दुसरा रेणू खवटत जातो. बियांच्या तेलातलं व्हिटॅमिन ई ही साखळी तोडतं, कलौंजीतलं थायमोक्विनोनही. हे तेल आधी पाजून मग किरण दिलेल्या उंदरांमध्ये खवटपणाची खूण, म्हणजे मॅलोनडायअल्डिहाइड, कमी भरली आहे. (जवसाचं तेल यात बसवू नका, ते स्वतःच पटकन खवटतं.)

पण कॅन्सरची गाठ नष्ट करायलाही तेच रॅडिकल लागतात! कॅनडातल्या क्युबेकमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २००५-०६ मध्ये आले. निम्म्यांना व्हिटॅमिन ईच्या गोळ्या, सुरुवातीला सोबत बीटा कॅरोटिनही (गाजरातलं रंगद्रव्य). दोन्ही घेणाऱ्यांना किरणांचा तीव्र त्रास कमी झाला. पुढच्या काही वर्षांत मात्र गोळ्या घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून उंदरांचे आकडे वाचून मला हुरूप येत नाही.

वरून लावायचं तेही विचारूनच. माझ्या मावशीला शेजारणीनं भिरंडाच्या (कोकमाच्या) बियांच्या तेलाचा गोळा आणून दिला, टाचांच्या भेगांना लावतो तो. मायेनंच दिला होता. मावशीनं सकाळी मानेला चोळला. मशीनवर घेण्याआधी टेक्निशियननं ओल्या कापडानं सगळा पुसून काढला आणि काय लावायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलं.

रोजच्या जेवणातलं खोबरेल तेल बंद करायची गरज नाही. कॅप्सूल किंवा चमच्यानं पाजायचं तेल आधीच चालू असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना बाटली दाखवा, लपवू नका. आणि दोन-तीन आठवड्यांनी तोंड सोलवटेल, तेव्हा तिखट हुमण (माशांची आमटी) जाणार नाही. मावशीला उकड्या तांदळाची पेज गार करून, मिक्सरमधून काढून दिली, ती जायची.