हाडाचे आकडे आधी, रंगीत चित्र नंतर

इंदूरला प्रॅक्टिस सुरू करतेयस आणि दाताच्या इम्प्लांटच्या पहिल्याच केसला फायनाइट एलिमेंट मॉडेल (जबड्याचे बारीक तुकडे पाडून कुठे किती ताण येतो ते काढणारं कॉम्प्युटर मॉडेल) करायचं म्हणतेस, तर आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) नीट घे. ओठ-गाल कापसाच्या रोलने हिरड्यांपासून सुटे ठेव, वरखालचे दात टेकू देऊ नकोस. नाहीतर इंट्राओरल स्कॅन (तोंडात फिरवून घेतलेला दात-हिरड्यांचा स्कॅन) सीबीसीटीवर बसवताना डोकं धरून बसशील. जुन्या मेटल कॅपांमुळे स्कॅनमध्ये आलेले पट्टे हाताने साफ कर.

खरी गोम हाडाच्या गुणधर्मांत आहे. मेडिकल सीटीच्या हाउन्सफील्ड आकड्यांवरून (घनतेच्या ठरलेल्या मोजपट्टीवरून) हाडाचा कडकपणा काढतात. सीबीसीटीचे ग्रे आकडे मात्र मशीन बदललं की बदलतात, एकाच जबड्यातही जागेनुसार हलतात. ते थेट घातलेस तर मॉडेल त्या पेशंटचं राहतच नाही. बऱ्याच पेपरांत कॉर्टिकल (बाहेरचं घट्ट हाड) 13.7 आणि कॅन्सलस (आतलं जाळीदार हाड) 1.37 गिगापास्कल असा कडकपणा धरतात. सुरुवातीला तेच घे, पण रिपोर्टात तसं लिही. मग मेश (मॉडेलच्या तुकड्यांची जाळी) बारीक करून पुन्हा चालव. एखाद्या टोकदार कोपऱ्यावर स्ट्रेस (ताण) वाढतच गेला, तर तो हाडाचा नव्हे, मॉडेलच्या आकाराचा दोष.

मॉडेलवर लोड (चावण्याचा दाब) नुसता उभा देऊ नकोस. रामबागेतले काका सुपारी सोडणार आहेत का? तिरका लोड देऊन इम्प्लांटच्या मानेपाशी हाड किती सोसतंय ते बघ.

ताणाचं रंगीत चित्र पेशंटला हवं तर दाखव, खूश होतात बिचारे. खालच्या जबड्यात नसेपासून 2 मिमी मात्र सोडच. गाइड (ड्रिलला दिशा देणारा साचा) लावून ड्रिल केलं तरी टोकाला मिलिमीटरभर फरक पडू शकतो.