सगळे प्लग बसतात, पण घट्ट एकही नाही

प्रश्न : घराचं वायरिंग नवीन केलं तेव्हा वायरमनने युनिव्हर्सल सॉकेट बसवले, म्हणजे चपट्या पिना, गोल पिना, काहीही चालतं, तेव्हा बरं वाटलं. आता हीटरचा प्लग जरा हलला की आत चर्र आवाज येतो, प्लग काढताना हाताला चटका बसतो आणि एक पिन तपकिरी पडलीये. वायरमन म्हणतो एमसीबी आहे ना, काही झालं तर ट्रिप होईल. बाळ आता रांगायला लागलंय. आम्ही उगाच घाबरतोय का?

उत्तर : अजिबात उगाच नाही. तो सॉकेट आजपासून बंद, हीटर तिथे लावूच नका.

वायरमनचं म्हणणं इथे लागू पडत नाही, आणि हा गैरसमज इतक्या जणांचा असतो की मला खरंच काळजी वाटते. एमसीबी हा मेन बोर्डावरचा आपोआप बंद होणारा स्विच, तो पडतो करंट वाढला की, म्हणजे ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. लूज कॉन्टॅक्टमध्ये करंट वाढतच नाही, उलट किंचित कमी होतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं आणि इकडे सॉकेट जळत असतो. हिशोब करून बघा, २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर साधारण ८.७ अँपिअर घेतो, पिन आणि तिला सॉकेटच्या आत पकडणाऱ्या पत्तीच्या मध्ये फक्त ०.१ ओहमचा रेझिस्टन्स आला तरी तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते, आणि ती कुठे, तर टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत. त्या उष्णतेने पितळेची पत्ती मऊ पडते, पकड अजून सैल होते, वर काळा थर चढतो, मग अजून गरम, असं ते वाढतच जातं. तो चर्र आवाज म्हणजे आत ठिणग्या पडतायत.

मूळ दोष डिझाइनचा आहे. पत्ती एका ठराविक आकाराच्या पिनेला दोन्ही बाजूंनी पकडते तेव्हाच कॉन्टॅक्ट नीट होतो. भोक सगळ्यांसाठी मोठं केलं की गोल पिन चपट्या पत्तीला जेमतेम एका रेषेवर टेकते. अर्थिंगचंही तसंच, काही प्लगना अर्थ बाजूच्या पट्टीवर असतो, पिन नसतेच, असा प्लग युनिव्हर्सल सॉकेटमध्ये आरामात जातो आणि मशीन चालतं पण अर्थिंग मिळालेलंच नसतं. बॉडीला फेज लागला तर कळणार हात लावल्यावरच.

बाळाबद्दल. चांगल्या सॉकेटला आत भोकं झाकणारं शटर असतं, ते दोन्ही पिना एकदम दाबल्या तर उघडतं, किंवा अर्थची लांब पिन आधी आत गेली तर, ब्रिटनच्या १९४७ च्या बीएस १३६३ स्टँडर्डमध्ये ही अर्थ पिनची पद्धत आहे. युनिव्हर्सलमध्ये भोकं मोठी आणि बऱ्याच वेळा शटर नावालाच, हेअरपिन सरळ फेजपर्यंत जाते. वरून लावायची प्लास्टिकची झाकणं मला पटत नाहीत, माप चुकलं तर तीच पत्ती फाकवतात. आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या, शॉकसाठी तो हवाच, पण लूज कॉन्टॅक्ट त्यालाही कळत नाही हे लक्षात असू द्या.

तर तुमच्या हीटरच्या प्लगच्याच मापाचा, शटर असलेला, १६ अँपिअरचा सॉकेट बसवायला सांगा, आणि मेन बंद करून मागची वायर बघायला लावा, इन्सुलेशन काळं किंवा कडक झालं असेल तर तेवढा भाग कापून नवीन टोक काढायचं. बाकीच्या सॉकेटमध्येही मेन बंद ठेवून प्लग घालून बघा, काढताना जोर लागला पाहिजे, सहज निघत असेल तर तोही बदला. आणि ती तपकिरी पिन पॉलिश पेपरने घासून परत वापरू नका, खडबडीत पिन नव्या सॉकेटची पत्तीही खराब करते. हीटरचा प्लगही नवाच लावा.