विंचवाला बीपीची गोळी कशी?

कडब्याची पेंढी उचलताना भावाला विंचू चावला. डॉक्टरांनी प्राझोसिन ही बीपीची गोळी दिली. भावाला बीपी नाही. काही चूक तर झाली नाही ना? (शेतकरी, मंगळवेढा)

चूक नाही, डॉक्टर जाणकार निघाले. लाल विंचवाच्या विषानं मज्जातंतू पेटून उठतात. विशेषतः संकटात छाती धडधडवणारी, घाम फोडणारी जी अनुकंपी चेतासंस्था आहे, तिचे तंतू. रक्तात अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकांचा पूर येतो. माणूस घामानं चिंब होतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. रक्तवाहिन्या आवळलेल्या, त्यातून रक्त रेटता रेटता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. खोकल्यातून गुलाबी फेस येतो तो त्यामुळे. नुसता ठणका असेल तर तो कितीही जोराचा असो, जिवाला धोका कमी. घाम आणि गार हातपाय दिसले की मात्र घरचे उपाय करत बसू नका.

नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं ते अल्फा रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर बसून. प्राझोसिन नेमकं तिथंच अडवतं. वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात हे औषध विंचूदंशात वापरलं आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एक सांगून ठेवतो. ही गोळी घेतलेला माणूस उठून बसला की बीपी एकदम पडू शकतो. आपल्याकडे रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून सोलापूरला आणतात. तसं करू नका. गाडी मागवा, आडवं झोपवून आणा.

आईचे हात थरथरतात. शेजारच्या काकूंची प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतल्यावर थरथर कमी झाली, पण रात्री दम लागला. आईला जुना दमा आहे. (अक्कलकोट)

पुन्हा देऊ नका. अल्फासारखेच बीटा रिसेप्टरही असतात. हृदयात बीटा-१ रिसेप्टर जास्त, श्वासनलिकांत बीटा-२. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवतं. बीटा-२ अडल्यानं थरथर थांबते हे खरं, पण श्वासनलिका मोकळ्या ठेवणारेही तेच. ते अडले की दमेकऱ्याची छाती आवळते. अल्फा आणि बीटा ही विभागणी अमेरिकी औषधशास्त्रज्ञ आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडली, तिच्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हे औषध शोधलं. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा आहे. औषध उत्तमच आहे, पण काकूंसाठी! दमा असताना थरथरीवर वेगळी औषधं मिळतात, ती डॉक्टरांना विचारा. आणि काकूंनी ही गोळी मनानं एकदम सोडू नये. हृदयाचा त्रास असेल तर ते महागात पडतं.

मग दम्याचा पंप (इनहेलर) मारल्यावर माझे हात का कापतात?

वरच्या उत्तराची दुसरी बाजू. पंपातलं साल्ब्युटामॉल बीटा-२ ला चेतवतं. श्वासनलिका उघडतात आणि स्नायूही थरथरतात. थोड्या वेळानं थांबतं, घाबरू नका. दिवसातून बऱ्याचदा पंप लागत असेल तर मात्र दमाच आटोक्यात नाही.

यंत्रमागावर काम करतो. नाकात थेंब टाकल्याशिवाय झोप येत नाही, चार महिने झाले. (पूर्व भाग, सोलापूर)

धुळीला दोष देत असाल, पण आता तुमचं नाक थेंबांनीच चोंदतंय. अशा थेंबांतलं झायलोमेटाझोलिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, सूज उतरते. असर संपला की त्या जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब. चार-पाच दिवसांपुढे हे वापरायचंच नसतं. आधी एका नाकपुडीत बंद करा, ती मोकळी झाली की दुसरीत. मधल्या दिवसांत मिठाच्या पाण्याचे थेंब चालतील. स्टिरॉइड स्प्रे लागेल का, ते कान-नाक-घसा तज्ज्ञ बघून ठरवतील. कामावर तोंडाला मास्क लावाच. आणि बीपी असेल तर सर्दीची गोळी मागताना औषधवाल्याला तसं सांगा. तिच्यात बहुतेकदा फिनाइलेफ्रिन असतं, तेही वाहिन्या आवळणारंच.