थंडीत पहाटे दुसरा गिअर का अडतो?

प्रश्न : मी नागपुरात मानेवाडा भागात राहतो आणि पहाटे साडेपाचला बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघतो. डिसेंबर लागल्यापासून माझ्या नऊ वर्षे जुन्या पेट्रोल गाडीचा दुसरा गिअर पहिले तीन-चार किलोमीटर अडतो आणि जोर लावल्यास करकरतो. वर्धा रोडवर थोडे अंतर गेल्यावर मात्र सर्व सुरळीत होते. मे महिन्यात, उन्हाळा कडक म्हणून, गॅरेजमध्ये मुद्दाम जाड गिअर ऑइल भरून घेतले होते. आता तेथेच गिअरबॉक्स उतरवून सिंक्रो रिंग बदलण्यास सांगत आहेत. काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : गिअरबॉक्स तूर्त उतरवू नका. आपल्या तक्रारीचे बहुधा खरे कारण आपणच लिहिले आहे, ते म्हणजे मे महिन्यात भरलेले जाड ऑइल.

गिअर बदलताना सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते आणि त्या घर्षणाने दोन्हींचा वेग सारखा झाल्यावरच दाते एकमेकांत बसतात. हे घर्षण होण्यासाठी मधला ऑइलचा पापुद्रा क्षणात बाजूला सरावा लागतो. थंडीने ऑइल मधासारखे घट्ट झाले असेल तर तो लवकर सरत नाही, रिंग नुसती घसरते आणि गिअर अडतो. गाडी काही अंतर धावली की ऑइल तापून पातळ होते व दोष नाहीसा होतो. आपल्याकडे नेमके हेच घडत आहे.

उन्हाळ्यासाठी जाड ऑइल हवे, हा समज आपल्या शहरात खोलवर रुजलेला आहे आणि मेमध्ये पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा पाहता तो समजण्यासारखाही आहे. परंतु गिअर ऑइलच्या ७५डब्ल्यू-९० या श्रेणीच्या नावातला ९० हा आकडा १०० अंश तापमानाला मोजलेला दाटपणा सांगतो, तर डब्ल्यूसोबतचा आकडा थंडीतले वागणे सांगतो; तो जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते. म्हणजे ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० ही दोन्ही ऑइल तापल्यावर एकाच श्रेणीत बसतात. फरक पडतो तो पहाटे. ट्रकच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या धुरीवरच्या गिअरसंचात, घालतात ते ८५डब्ल्यू-१४० कोणी भरले असेल, तर ज्या नागपुरात २०१८च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर आला होता, तेथे गिअर अडल्यास नवल नाही.

गाडीच्या पुस्तिकेत जी श्रेणी दिली आहे तीच भरा आणि डब्यावर ऑइलचा दर्जा जीएल-४ लिहिला आहे की जीएल-५, हे स्वतः वाचा. जीएल-५मध्ये डिफरन्शियलच्या भारासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक असतात. त्यांतील काही पितळाला खातात आणि रिंगला हवे असलेले घर्षणही कमी करू शकतात. पुस्तिकेत जीएल-४ असेल, तर जीएल-५ अधिक भारी म्हणून घेऊ नका.

क्लचचीही खात्री करून घ्यावी. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर, पेडल पूर्ण दाबूनही, पहिला व रिव्हर्स करकरतात, असे असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. मात्र असा दोष गाडी तापल्यावर सहसा पूर्ण जात नाही.

ऑइल बदलेपर्यंत पहिले काही किलोमीटर इंजिनचे फेरे कमी ठेवून सावकाश चालवा, गिअर न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबवून मग हलक्या हाताने पुढे न्या आणि जोर अजिबात लावू नका, कारण रिंग खरोखर झिजते ती या जोरानेच. घरासमोर इंजिन चालू ठेवून उभे राहिल्याने गिअरबॉक्स फारसा तापत नाही. पेट्रोल तेवढे जळते.

ऑइल काढाल तेव्हा स्वतः समोर उभे राहा आणि ते पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात पाहा. गिअरबॉक्समधून ऑइल काढण्याच्या झाकणाच्या चुंबकावर करडा चिखल जमलेला असणे स्वाभाविक आहे. पण ऑइलमध्ये पितळाची भरपूर सोनेरी चकाकी दिसली आणि नवे ऑइल भरल्यावर, गाडी पूर्ण तापल्यानंतरही दुसरा गिअर करकरला, तर रिंग झिजली आहे आणि मेकॅनिकचा सल्ला मानावा लागेल.