सहनशीलता, धीर की योद्धा?

लातूरच्या एका ताईंनी मोठं मजेशीर कोडं पाठवलंय. त्यांच्या आजीला ८० वर्षं पूर्ण होतायत, त्यानिमित्त घरी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची ख्रिस्ती प्रार्थनासभा, ठेवली आहे आणि पत्रिका छापायची आहे. ताईंनी मजकुरात लिहिलं, 'आजीच्या सहनशीलतेबद्दल देवाचे आभार'. काकांनी ते खोडून 'विश्वासातील धीराबद्दल' केलं. धाकट्या भावाला दोन्ही मिळमिळीत वाटतं, त्याला हवंय 'आध्यात्मिक युद्धातील विजयी योद्धा'. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या आजी म्हणाल्या, "म्या काय लढाई-बिढाई केली न्हाई बाबा, निस्ता तग धरला." ताई विचारतात, सहनशीलता आणि धीर यात खरंच फरक आहे का, आणि शास्त्रात नेमका कुठला शब्द आहे?

फरक आहे, आणि मराठी पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, तो बराच नेटाने सांभाळलाय. मी ख्रिस्ती मंडळीतला नाही. पण जालन्यात शाळेत बाकावर शेजारी बसणारा मित्र ख्रिस्ती होता, त्याच्या घरी हे पुस्तक पहिल्यांदा चाळलं आणि मराठी शब्दांच्या नादाने पुढे चाळतच राहिलो. (जालन्याजवळचं बेथेल हे गाव एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी वसवलं. नाव हिब्रू, अर्थ 'देवाचं घर'. निजामाच्या मुलखात, ज्वारीच्या रानात हिब्रू नावाचं गाव! आमच्या भागाच्या भाषेबद्दल लिहिताना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.)

नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. एक माक्रोथुमिया. माक्रोस म्हणजे लांब आणि थुमोस म्हणजे मनातली उसळी, राग. ज्याचा राग यायला लांबचा पल्ला लागतो, त्याचा हा गुण. दुसरा हुपोमोने. हुपो म्हणजे खाली, मेनो म्हणजे राहतो. ओझ्याखालून न निसटता तिथेच पाय रोवून राहणं. मराठीत पहिल्यासाठी 'सहनशीलता' आलं आणि दुसऱ्यासाठी 'धीर'. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळांची यादी आहे, तिथे 'सहनशीलता' आहे. रोमकरांच्या पाचव्या अध्यायात संकटातून जे निपजतं ते मात्र 'धीर'. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय लग्नात वाचतात, तो ताईंनी ऐकलाच असेल. त्यात चौथ्या वचनात प्रीती 'सहनशील' आहे आणि सातव्यात ती 'धीर धरते'. तीनच वचनांच्या अंतरावर दोन्ही शब्द येतात आणि भाषांतरकाराने त्यांची गल्लत होऊ दिलेली नाही.

ढोबळपणे सांगायचं तर सहनशीलता माणसांशी दाखवायची आणि धीर परिस्थितीपुढे धरायचा. आपल्याकडचा दाखला हवा तर पैठणला जाऊ. नाथमहाराज गोदावरीत स्नान करून येतात, एक जण अंगावर थुंकतो, नाथ परत स्नानाला जातात, असं १०८ वेळा झालं ही आख्यायिका मराठवाड्यात पोरासोरांना पाठ असते. ती गोष्ट सहनशीलतेची. नाथांना राग आला नाही, हा तिचा गाभा. याउलट किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात ज्यांची घरं बसली, त्यांनी राग आवरायचा तरी कुणावरचा? तिथे सहनशीलता हा शब्दच लागू पडत नाही. तिथे लोक 'धीर द्यायला' गेले.

आणि हे 'धीर द्यायला' मोठं गमतीचं आहे. सहनशीलता कुणी कुणाला देऊ शकत नाही. धीर मात्र देता येतो, धरता येतो, सोडता येतो. तो खचतो, सुटतो आणि कधी कधी होतच नाही. 'मला विचारायचा धीर झाला नाही' म्हणताना आपण भीतीबद्दल बोलतो, 'त्याला धीर निघेना' म्हणताना उतावळेपणाबद्दल. म्हणजे भीतीच्या विरुद्ध बाजूलाही धीर आणि घाईच्या विरुद्ध बाजूलाही धीर. एकाच शब्दात वाट पाहणं आणि न घाबरणं दोन्ही बसलंय. संस्कृतात धीर म्हणजे स्थिर आणि धीर म्हणजे शहाणासुद्धा. मराठीने शहाणा सोडून दिला आणि स्थिर ठेवला. हुपोमोनेसाठी इतका आयता शब्द फार भाषांना सापडला असेल असं मला वाटत नाही.

'सोसणे', 'सोशिक' हे शब्द ताईंनी विचारले नाहीत, तरी त्यांच्या अंगणात जाणं भाग आहे, कारण पुष्कळ जण धीर म्हणतात आणि त्यांच्या मनात सोशिकपणा असतो. सोशिक बाई म्हणजे तोंडातून ब्र न काढणारी. सासरी मार खाणाऱ्या पोरीला 'सोस माय, देवानं बी सोसलं' म्हणणाऱ्या बायका सगळ्याच धर्मांत भेटतात. पण शास्त्रात धीराचं उदाहरण म्हणून कुणाचं नाव येतं? ईयोबाचं, याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात. आणि ईयोब काय गप्प बसला? मुलंबाळं, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं झाली, आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्माच्या दिवसालाच शाप देतो. पुढे पानंच्या पानं देवाशी वाद घालतो. समजूत घालायला आलेले मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांनाच सुनावतो, की तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत. मराठीच्या कुठल्याही मापाने ईयोबाला सोशिक म्हणता येत नाही. धीराचा माणूस म्हणता येतं. तेव्हा कुणी धीराच्या नावाखाली गप्प बसायला सांगत असेल, तर तो शब्दाचा अर्थ बदलतोय.

आता भावाचा योद्धा. युद्ध हा शब्द मराठी भक्तीला परका नाही. 'रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग' म्हणणारे तुकाराम पुढच्याच दमात शत्रू कोण ते सांगतात: 'अंतर्बाह्य जग आणि मन'. आध्यात्मिक युद्ध म्हणताना बहुतेक लोक इफिसकरांच्या सहाव्या अध्यायाचा आधार देतात. तिथे बाराव्या वचनात मराठीत शब्द आहे 'झगडणे', आणि ते रक्तमांसाबरोबर नाही असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे समोरचा माणूस, शेजारी, भावकी, दुसऱ्या धर्माचे लोक हे शत्रू नव्हेत. ग्रीक शब्द आहे पाले, आणि पाले म्हणजे चक्क कुस्ती. ग्रीकांच्या आखाड्यात तीनदा पडला की मल्ल हरला. 'झगडणे'मध्ये ती अंगाला अंग भिडल्याची झटापट थोडी तरी उतरते, 'युद्धा'त अजिबात नाही. युद्धात सैन्य असतं, नकाशा असतो, लांबून बाण मारता येतो. जत्रेतल्या फडात मात्र मातीत समोरासमोर उतरावं लागतं आणि आपली पाठ मातीला लागू द्यायची नसते.

त्याच उताऱ्यात पुढे शस्त्रसामग्री येते. कंबरपट्टा, उरस्त्राण, पायतण, ढाल, शिरस्त्राण, तरवार. मोजून पाहा, वार करायची वस्तू एकच, बाकी सगळी अंग राखायची. आणि क्रियापदं? अकराव्या, तेराव्या, चौदाव्या वचनात पुन्हा पुन्हा टिकणं आणि उभं राहणं. चाल करून जा असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. लिहिणारा स्वतः बेडीत होता, हे त्याच अध्यायाच्या शेवटी कळतं.

म्हणून आजींचा 'तग' मला सगळ्यात नेमका वाटतो. मराठवाड्यात हा शब्द मुळात रानातला. पावसाने महिनाभर ओढ दिली, सोयाबीन करपलं, पण तुरीनं तग धरला. तूर तेव्हा काय करते? वरून काहीच करताना दिसत नाही, मुळं खोल असतात इतकंच. 'दम धर' हेही आपल्याकडचं. यातला दम फारसीतून आलेला, म्हणजे श्वास. (गलतीकरांच्या त्याच यादीत शेवटी 'इंद्रियदमन' आहे, तो दम संस्कृतातला. दोघांचं नातं नाही.) ताईंनी लिहिलंय की आजींनी बहात्तरच्या दुष्काळात कडेवर लेकरू घेऊन खडी फोडली आणि रविवारची उपासना चुकवली नाही. याला युद्ध म्हटलं तर आजींनाच हसू येईल.

पत्रिकेपुरतं माझं मत काकांच्या बाजूने. 'विश्वासातील धीराबद्दल' छापा. सहनशीलता चूक नाही, पण ती वाचून लोक विचारतील की घरात आजींना एवढं छळलं कुणी! भावाची समजूत काढायची तर उपकारस्तुतीच्या शास्त्रपाठाला इफिसकर सहावा अध्याय त्यालाच वाचायला द्या. आणि जागा उरलीच तर आजींच्या छायाचित्राखाली त्यांचंच वाक्य घाला, 'निस्ता तग धरला'. 'निस्ता'चा 'नुसता' मात्र करू नका. छापखान्यातला माणूस करू पाहील, त्याला आधीच सांगून ठेवा.